वीस सेकंदांचा हिशेब

नॉर्वे हा देश आपल्याला शाळेच्या भूगोलातून माहीत असतो तो मध्यरात्रीच्या सूर्यासाठी, आणि फार तर कॉड माशाच्या तेलासाठी. त्या देशाची सारी लोकवस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास. म्हणजे आमचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा आणि शेजारचा बीड जिल्हा मिळून २०११ च्या खानेसुमारीत जितकी माणसे भरली, तितकीसुद्धा नाही! पण ३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री याच चिमुकल्या देशाच्या मार्कुस रूथ नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये दशक्रीडेचे, म्हणजे डेकॅथलॉनचे, सुवर्णपदक पटकावले. दोन दिवसांत दहा खेळ. पहिल्या दिवशी शंभर मीटर धावा, लांब उडी मारा, गोळा फेका, उंच उडी मारा आणि पुन्हा चारशे मीटर धावा. दुसऱ्या दिवशी अडथळे, थाळी, बांबूची उडी, भाला, आणि अंगाचा पार चोथा झाल्यावर शेवटी पंधराशे मीटर! एवढे सगळे करून या पोराने ८७९६ गुण मिळवले. त्याच्या आधी नॉर्वेला या खेळाचे सुवर्ण मिळाले होते ते १९२० साली ॲन्टवर्पला, हेल्गे लोव्हलंड याच्या हातून. मधे एकशेचार वर्षे गेली.

आमच्या घरी त्या दिवसांत स्वयंपाकाच्या वेळासुद्धा पॅरिसच्या घड्याळावर चालत होत्या. सुट्टी काढून आलेला भाचा हे सारे पाहून म्हणाला, "मामा, आपल्याकडे का हो असा कोणी निघत नाही?" हा प्रश्न दर चार वर्षांनी प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एकदा तरी विचारला जातो, आणि त्यावर घरातले वडीलधारे एक लांब सुस्कारा सोडून चहाची आज्ञा करतात. मी सुस्कारा सोडला नाही. म्हटले, "बाबा रे, ज्या ॲन्टवर्पला तो लोव्हलंड जिंकला ना, तिथे त्याच स्पर्धेत आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला होता आणि एकोणिसावा आला होता. तेव्हा आपण अगदीच गावकुसाबाहेरचे नाही. आणि परवा रात्री जागा राहा. आपल्या मराठवाड्याचा एक गडी धावणार आहे."

भाच्याने विचारले, "कुठला?"

"बीड जिल्ह्यातला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा."

भाच्याची मुद्रा पाहून मला हसू आले. पुण्यात वाढलेल्या मुलाला बीड म्हटले की दुष्काळ आणि ऊसतोडणी यांपलीकडे काही आठवत नाही.

अविनाश साबळे हे नाव आता पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. पण त्याने नेमके काय केले, असे विचारले तर दहांतले आठ जण "काहीतरी धावतो बुवा" एवढेच सांगतील. दोष त्यांचा नाही. तो जी शर्यत धावतो तिचे धड मराठी नावही आपल्याकडे रुळलेले नाही. 'स्टीपलचेस' म्हणजे काय, हे आधी सांगितल्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नाही.

पूर्वी इंग्लंड-आयर्लंडात घोडेस्वार पैज लावून एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत दौडत जात. वाटेत कुंपणे येत, ओढे येत. ते उड्या मारून ओलांडायचे. पुढे माणसे तीच शर्यत पायी धावू लागली. आज ती तीन हजार मीटरची आहे. मैदानाला साडेसात फेऱ्या घालायच्या, त्यात अठ्ठावीस वेळा तीन फूट उंचीचा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा अडथळ्यावरून बारा फुटी पाण्याच्या खड्ड्यात उतरायचे. एकूण पस्तीस उड्या. आमच्याच संभाजीनगर जिल्ह्याचा तेजस शिरसे एकशेदहा मीटर अडथळ्यांची शर्यत धावतो. मे २०२४ मध्ये फिनलंडला १३.४१ सेकंदांत धावून त्याने राष्ट्रीय विक्रम केला. त्याचे अडथळे याहून उंच असतात, पण पाय लागला तर ते बिचारे आडवे होतात. स्टीपलचेसचा अडथळा आडवा होत नाही. तो ऐंशी ते शंभर किलो वजनाचा ओंडका असतो; आडवे व्हायचे ते माणसाने! शिवाय पंधरा-सोळा जण एकाच वेळी एकाच ओंडक्यावर झेपावत असतात. पुढच्याची टाच आपल्या गुडघ्यावर, आणि आपले कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत. आमच्या गुलमंडीत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी ज्याने पिशव्या सांभाळत वाट काढली आहे, त्याला याची थोडी कल्पना येईल.

तर अशा शर्यतीत हा गडी शिरला कसा?

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील शेतकरी, पण त्या शेतीवर घर चालेना म्हणून वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब. एसटीची सोय नाही, म्हणून पोरगा कधी चालत तर कधी धावत शाळेला जाई. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे इथे थांबतात आणि डोळे पुसतात: बघा, शाळेच्या वाटेवरच तो धावपटू झाला! मला हे खरे वाटत नाही. शाळेसाठी मैलोन्‌मैल चालणारी मुले मराठवाड्यात हजारोंनी होती आणि आहेत. त्यांतली बहुतेक पुढे ऊस तोडतात, रिक्षा चालवतात, वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करतात. नुसत्या गरिबीने विजेता घडत असता, तर सगळी पदके आपल्याच गावांत आली असती. त्या वाटेने अविनाशला दमदार पाय दिले असतील, पण त्या पायांचे काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते. बारावी झाल्यावर त्याने या भागातली हजारो पोरे करतात तेच केले. तो सैन्यात भरती झाला, तेही धावण्यासाठी नव्हे, तर घरी दरमहा पैसे जावेत म्हणून.

पाचव्या महार बटालियनमध्ये तो दाखल झाला. पहिली नेमणूक सियाचीनच्या बर्फात. मग राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीमचे डोंगर. २०१५ साली तो सैन्यातल्या क्रॉसकंट्री, म्हणजे रानावनातल्या पल्लेदार शर्यतींत उतरला. तेव्हा त्याचे वय एकवीस. कसलेले धावपटू वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कोचच्या हाती लागतात. हा त्या मानाने प्रौढ शिक्षणाच्या वर्गातला विद्यार्थी! पुढे मधेच दुखापत झाली, धावणे बंद पडले आणि वजन चांगलेच वाढले. ते त्याने उतरवले ते इतक्या चिकाटीने, की सैन्यातले कोच अमरीश कुमार यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. नुसत्या पळण्यापेक्षा ओंडक्यांवरून पळण्यात याचे भले आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला स्टीपलचेसकडे वळवले. ते वर्ष २०१७.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती सगळी आकड्यांची आहे. वाचकहो, कंटाळू नका! हे आकडे शेअरबाजाराच्या आकड्यांपेक्षा पुष्कळ रंगतदार आहेत.

भारताचा या शर्यतीचा विक्रम होता गोपाल सैनी यांच्या नावावर: आठ मिनिटे ३०.८८ सेकंद, टोकियो, १९८१. सदतीस वर्षे तो कुणाला हलवता आला नव्हता. त्या मुदतीत देशात टीव्ही रंगीत झाला आणि फोन खिशात आला, पण ८:३०.८८ जिथल्या तिथे. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला. वेळ ८:२९.८०. म्हणजे जेमतेम एका सेकंदाचा फरक. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील-नसतील.

पण हा गडी तिथे थांबला नाही. २०१९ च्या मार्चमध्ये पतियाळाला ८:२८.९४. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत एक मोठी गंमत घडली. प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत हा सापडला, अडखळला, तरी उठून ८:२५.२३ मध्ये पोचला. पण अंतिम फेरीची जागा हुकली. भारतीय पथकाने तक्रार गुदरली, पंचांनी चित्रफीत पाहिली, आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. तिथे तो तेरावा आला, पण वेळ ८:२१.३७! तीन दिवसांत दोनदा राष्ट्रीय विक्रम, आणि ऑलिंपिकचे तिकीट खिशात. पंचांकडे गेलेली तक्रार फळाला आल्याचे उदाहरण भारतीय क्रीडाक्षेत्रात विरळाच.

त्यानंतरचे एक प्रकरण मात्र मन दुखवणारे आहे. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह हे मोठे कडक कोच. अविनाश काही काळ त्यांच्या हाताखाली होता, मग ती शिस्त सोसेना म्हणून तो पुन्हा अमरीश कुमारांकडे गेला. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी स्नेसारेव्ह पुन्हा भारतात आले आणि ५ मार्च २०२१ रोजी पतियाळाच्या वसतिगृहात आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले. त्याच पतियाळात, त्याच महिन्यात अविनाश ८:२०.२० धावला. त्या शर्यतीच्या वेळी त्याच्या मनात काय चालले असेल, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

टोकियोत ८:१८.१२. हाही राष्ट्रीय विक्रम, आणि तरीही अंतिम फेरी नाही! जे बाहेर राहिले त्या सर्वांत वेगवान तोच होता. आणि त्याच्याहून सावकाश धावलेले काही जण आपापल्या गटात वरचे क्रमांक मिळवून आत गेले होते. आपल्या घरातल्या प्रवेशपरीक्षांच्या भाषेत सांगायचे, तर गुण जास्त आणि नाव प्रतीक्षायादीत. याचे दुःख ज्यांनी सोसले आहे अशी घरे या अंकाच्या वाचकांत कमी नसतील.

आता २०२२ साल. मार्चमध्ये तिरुवनंतपुरमला ८:१६.२१. जूनमध्ये मोरोक्कोत रबातला ८:१२.४८. तोवर तो अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच प्रदेशात स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव करू लागला होता. विरळ हवेत राहून रक्ताला प्राणवायू वाहून नेण्याची जास्त सवय लावायची, हा त्यातला हेतू. त्या सरावाची एक वरकमाई म्हणजे त्याच मे महिन्यात त्याने पाच हजार मीटरचा बहादूर प्रसादचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रमही मोडून टाकला.

मग ६ ऑगस्ट, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. ही शर्यत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि अजून माझे समाधान झालेले नाही. स्टीपलचेस म्हणजे केनियाचे वतन. १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि त्या सहांतली सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी अठराच्या अठरा पदके केनियाने नेली. केनियाबाहेरचा शेवटचा मानकरी १९९४ सालचा, कॅनडाचा ग्रेम फेल. बर्मिंगहॅमलाही तीन केनियन पुढे होते, त्यांत ऑलिंपिक जिंकलेला कॉन्सेस्लस किप्रुटो. अविनाश चौथा. शेवटच्या फेरीत त्याने एकेकाला मागे टाकले आणि सरळ पट्ट्यात तो अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून आला. किबिवोट ८:११.१५. अविनाश ८:११.२०. तीन हजार मीटर धावून, पस्तीस उड्या मारून फरक पडला एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा! अंतरात सांगायचे तर हातभरही नाही. आमच्या शेजारच्या काकू त्या वेळी इतक्या जोरात ओरडल्या, की त्यांच्या यजमानांनी दुधावरची साय सोडून बाहेर धाव घेतली.

एक जाता जाता सांगतो. अविनाशच्या आष्टीला आगगाडी पहिल्यांदा आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे बर्मिंगहॅमनंतर सुमारे दीड महिन्याने. गाडीच्या आधी माणूस पोचला.

२०२३ च्या आशियाई स्पर्धेत हांगचौला त्याने ८:१९.५० मध्ये सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीत आशियाई सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. पाच हजार मीटरमध्येही रौप्य आणले. ती शर्यत बघायला फारशी उत्कंठावर्धक नव्हती, कारण तो एकटाच पुढे होता आणि अधूनमधून मागे वळून कुणी येते आहे का ते पाहत होता.

आणि ७ जुलै २०२४ ला, ऑलिंपिकच्या महिनाभर आधी, पॅरिसला ८:०९.९१. दहावा राष्ट्रीय विक्रम! त्या नॉर्वेच्या पोराने दहा वेगवेगळे खेळ करून नाव काढले. आमच्या या गड्याने एकच खेळ दहा वेळा नव्याने केला.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. ८:२९.८० मधून ८:०९.९१ वजा करा. उरतात १९.८९ सेकंद. वीस सेकंद धरा. चहात साखर घालून ढवळायला लागतात तेवढे. हे वीस सेकंद कमी करायला त्याला जवळजवळ सहा वर्षे लागली. पण मैदानावर त्यांचा अर्थ काय होतो तो पाहा. २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश एकाच रेषेवर उभे करून सोडले असते, तर दुसरा शेवटची रेषा ओलांडत असताना पहिला त्याच्या एकशेसतरा मीटर मागे, अजून एक ओंडका ओलांडायचा बाकी, अशा अवस्थेत दिसला असता. दर फेरीला अडीच सेकंदांहून अधिक फरक. पाण्याच्या खड्ड्याशी ओंडक्यावर पाय ठेवून झेप किती सपाट घ्यायची, दुसरा पाय पाण्यात किती उथळ पडू द्यायचा, गर्दीत आतल्या बाजूला कोंडून घ्यायचे की दोन पावले जास्त खर्चून बाहेरून जायचे, अशा शेकडो लहान गोष्टींतून ही बचत होते. जुन्या गृहिणी महिन्याच्या खर्चातून चार-आठ आणे बाजूला टाकून मुलीच्या लग्नाचे दागिने करीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे एका आजारपणात सगळी शिल्लक संपते.

पॅरिसला ५ ऑगस्टच्या रात्री प्राथमिक फेरी होती. पहिले पाचच आत जाणार. तो पाचवा आला, ८:१५.४३. ऑलिंपिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष! 'पुरुष' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, कारण त्याच्या आठ वर्षे आधी, २०१६ साली रिओला, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच शर्यतीच्या महिलांच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली होती. माण आणि आष्टी, दोन्ही पाण्यासाठी आकाशाकडे पाहणारे तालुके, आणि दोघांची शर्यत पाण्यात उड्या मारण्याची! हा योगायोग जुळवून आणणाऱ्याला विनोदबुद्धी आहे खास.

अंतिम फेरी आपल्याकडे रात्री एक वाजून गेल्यावर होती. भाचा जागा होता, मी जागा होतो, आमच्या घरातून "उद्या कामाला जायचे आहे ना?" अशी विचारणा दोनदा होऊन गेली होती. अविनाश अकरावा आला, ८:१४.१८. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८:०६.०५ मध्ये जिंकला. जागतिक विक्रम ज्याच्या नावावर आहे तो इथिओपियाचा लमेचा गिर्मा शेवटच्या फेरीत ओंडक्याला अडखळून असा आदळला, की त्याला झोळीतून न्यावे लागले.

भाचा म्हणाला, "अकरावाच?"

मी त्याला म्हटले, "तुझ्या वर्गात तू कितवा असतोस?" तो गप्प झाला. पण त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. गिर्माचा जागतिक विक्रम आहे ७:५२.११. तिथपर्यंत अजून जवळजवळ अठरा सेकंद, आणि पहिले वीस मिळवायला सहा वर्षे लागलेली. शिवाय ही शर्यत नेहमी घड्याळाशी होत नाही. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांत कित्येकदा सगळे जण एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळतात आणि शेवटच्या फेरीत एकदम सुटतात. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत तसेच झाले. अविनाश ८:३१ च्या पुढे वेळ घेऊन अकरावा आला. पुढच्या वर्षी बुडापेस्टला अंतिम फेरीच हुकली. एकट्याने वेगात धावणे त्याला फार चांगले जमते. घोळक्यात दबा धरून शेवटी झडप घालणे त्या मानाने कमी. टीकाकारांचे हे म्हणणे मला पटते. बर्मिंगहॅमचा तो शेवटचा पट्टा आठवला की मात्र पूर्ण पटत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात कोरियातल्या गुमीला त्याने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण जिंकले, ८:२०.९२. सगळे ठीक चालले होते. ११ जुलैला मोनाकोची शर्यत लागली. सुरुवातीच्याच फेऱ्यांत पाण्याच्या खड्ड्यात उतरताना तो कोसळला. गुडघ्यातला मुख्य बंध तुटला, आतली गादीही फाटली. ज्यांच्या घरी कुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना माहीत आहे, की त्यानंतर जिना चढणे म्हणजे काय असते. इथे तर ओंडक्यावर पाय ठेवून पाण्यावर झेप घ्यायची. शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीचे धावणे संपले.

सप्टेंबरात टोकियोला जागतिक स्पर्धा भरली. ती सुरू झाली १३ सप्टेंबरला, म्हणजे अविनाशच्या एकतिसाव्या वाढदिवशी, आणि पुरुषांच्या स्टीपलचेसची प्राथमिक फेरी त्याच दिवशी होती. दोन दिवसांनी अंतिम फेरी झाली. सगळे जण एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळत राहिले, आणि शेवटच्या काही पावलांत न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने एल बक्कालीला गाठून बाजी मारली. जिंकणाऱ्याची वेळ होती ८:३३.८८.